ईएफ ६० आहे, तरी एमआरआय कशाला? (टेट्रालॉजीचं ऑपरेशन झालेल्या मुलीबद्दल)

वाळवंटीकाठची | ३ सप्टेंबर, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. आम्ही गोव्यातल्या साखळीचे. थोरली मुलगी १४ वर्षांची, नववीत. जन्मापासून हृदयात दोष होता, टेट्रालॉजी ऑफ फॅलो म्हणतात तो, सव्वा वर्षाची असताना मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं. साल २०१२. त्याच सप्टेंबरात खाणी बंद पडलेल्या, आमचा ट्रक दारात उभा, बँकेचे हप्ते चालू आणि इकडे ही रडली की ओठ जांभळे. कसं निभावलं ते सातेरीलाच ठाऊक. असो, ऑपरेशन चांगलं झालं, पोर गुलाबी झाली, आम्हाला वाटलं सुटलो.

दरवर्षी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचो, कोविडमध्ये दोन वर्षं राहिलं, मग मीही जरा ढिली पडले हे खरं. यंदा चवथीच्या आधी केला. रिपोर्टात लिहिलंय, एलव्हीईएफ (हृदयाचं पंपिंग म्हणतात तो आकडा) ६० टक्के, एलव्ही फंक्शन चांगलं, व्हीएसडीचा (मधल्या पडद्यातल्या भोकाचा) पॅच शाबूत, भोक राहिलेलं नाही. इथपर्यंत मी खूश. पण त्याखाली, फ्री पीआर, उजवा कप्पा मोठा झालाय, टॅप्सी १४. आणि डॉक्टरांनी हृदयाचा एमआरआय आणि एक व्यायामाची टेस्ट सांगितलीय, तोंडाला मास्क लावून सायकल चालवायची म्हणे.

आमचे हे म्हणतात ईएफ ६० म्हणजे तुझ्यामाझ्यासारखीच आहे की, कशाला एमआरआय. आणि खरंच पोरीला काही त्रास नाही हो, चवथीच्या दुसऱ्या रात्री फुगड्या घालून घालून आत्येला दमवलं तिनं. मग हे कशासाठी? ऑपरेशन बिघडलं का? कुणाच्या घरी असं आहे का?

रोंबाट | ३ सप्टेंबर, रात्री ११.३१

ताई, राग मानू नका पण पोर फुगड्या घालतेय ना, मग झालं. आजकाल डॉक्टरकडे गेलं की टेस्टा निघतातच. रिपोर्टात चांगलं लिहिलंय ते वाचा, वाईट वाचत बसलं की धडधाकट माणूसही आजारी पडतो. आमच्या वेळी छातीला कान लावून सांगायचे.

प्रोबधारी | ४ सप्टेंबर, सकाळी ७.१५

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, इकोच्या खोलीतला माणूस, १६ वर्षं प्रोब धरतोय. उपचाराचं तुमचे डॉक्टर सांगतील, मी फक्त मोजमाप कसं होतं ते सांगतो.

ताई, रिपोर्टातल्या त्या शब्दाचं पहिलं अक्षर बघा. एल. एलव्हीईएफ. म्हणजे डावा कप्पा. ईएफ म्हणजे भरलेल्या कप्प्यातलं किती टक्के रक्त ठोक्याला बाहेर पडतं ते. तुमच्या मुलीचा सगळा मामला उजव्या बाजूचा आहे. टेट्रालॉजीत फुफ्फुसाकडे जायची वाट अरुंद असते, सर्जन ती मोकळी करतो, आणि बऱ्याच बाळांत झडपेचं कडंच इतकं लहान असतं की ते आडवं कापून वर पॅच लावण्यावाचून गत्यंतर नसतं. वाट मोकळी झाली, पोर गुलाबी झाली, पण झडप कामातून गेली. फ्री पीआर म्हणजे तेच, उजवा कप्पा रक्त फुफ्फुसाकडे ढकलतो आणि दर ठोक्याला त्यातलं बरंचसं मागारी येतं. त्यामुळे ऑपरेशन बिघडलं असं नाही, तेव्हा जीव वाचवायला जे करायचं होतं ते केलं, त्याचा हा हिशोब आता येतोय. उजवा कप्पा हे परत आलेलं रक्त वर्षानुवर्षं सामावून घेत घेत मोठा होत जातो आणि बरीच वर्षं काही बोलत नाही, हीच त्याची खोड.

आता इको पुरत का नाही. डावा कप्पा शहाळ्यासारखा, लांबी-रुंदी घेऊन सूत्रात घातली की आकारमान निघतं. उजवा कप्पा म्हणजे त्या शहाळ्याला बाहेरून चिकटवलेली अर्धी करटी, आत खरखरीत, एक तोंड इकडे एक तिकडे, आणि वरून छातीच्या हाडामागे दडलेला. कुठलं सूत्र लावणार? आम्ही ‘मोठा आहे’ इतकं खात्रीनं सांगतो, किती मिलिलिटर ते इकोवर नीट येत नाही. एमआरआयमध्ये नीरफणसाची कापं काढतो ना तशी हृदयाची आडवी कापं काढतात, एकेक साधारण ८ मिलिमीटरचं, दहा-बारा होतात, प्रत्येक कापावर कप्प्याची कड आखायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. आकार कसाही वेडावाकडा असेना, बेरीज बरोबर येते.

टॅप्सी म्हणजे उजव्या बाजूच्या झडपेचं कडं ठोक्यागणिक किती मिलिमीटर सरकतं ते. मोठ्या माणसात १७ च्या खाली गेलं की कमी धरतात. १४ कमीच आहे, एमआरआय कराच.

खडपाबांध | ४ सप्टेंबर, सकाळी ९.०२

प्रोबधारी बाब, मस्त समजावलंत. आमचा अनुभव उलट्या बाजूचा, ईएफ वाईट आली आणि निघालं काहीच नाही. मुलाचं व्हीएसडी बंद केलं २०१८ ला, तीन महिन्यांनी एका ठिकाणी (नाव नको) इको केला तर ईएफ ४६! बायको तिथंच रडायला लागली, मी गाडी चालवत फोंड्याला कसा पोचलो मला आठवत नाही. दोन दिवसांनी आमच्या सर्जनच्या ओळखीच्या डॉक्टरांनी परत बघितलं तर ६१. म्हणाले हृदयाचं ऑपरेशन झालं की मधला पडदा काही काळ उलटाच हलतो, बऱ्याच जणांत, आणि एका रेघेवर मोजायची जी जुनी पद्धत आहे ती नेमकी त्या पडद्यावरच अवलंबून, त्यामुळे आकडा खोटा पडतो, दोन बाजूंनी कड आखून मोजलं की खरा येतो. तेव्हापासून मी रिपोर्टात आधी ‘कशाने मोजलं’ ते बघतो.

प्रोबधारी | ४ सप्टेंबर, सकाळी ९.४०

खडपाबांध, अगदी. एका रेघेवरचा एम-मोड विरुद्ध कड आखून मोजायची सिम्पसन पद्धत. कामाची घाई असली की लोक एम-मोडवर सोडतात, मीही सोडलंय एके काळी, खोटं कशाला बोला.

म्हापशेकर_डॉ | ४ सप्टेंबर, दुपारी १.२०

मी बालरोगवाला, हृदयाचा तज्ज्ञ नव्हे. प्रोबधारींचं जवळजवळ सगळं बरोबर, एक दुरुस्ती करतो म्हणजे ताई त्या १४ वर झोप घालवणार नाहीत. हृदयाभोवतीचं आवरण उघडून ऑपरेशन झालं की टॅप्सी बहुतेकांचा कमी होतो आणि तसाच राहतो, कप्प्याचं एकूण काम बरं असलं तरी. कारण कप्पा लांबीच्या दिशेनं कमी आणि आडवा जास्त आकसायला लागतो. शिवाय मुलांत वयाप्रमाणे आणि अंगाप्रमाणे तो बदलतो. तेव्हा १४ एकटा काही सांगत नाही, गेल्या वेळी किती होता ते बघा. १५ होता आणि १४ झाला तर त्याला मी काही म्हणणार नाही, १९ चा १४ झाला असेल तर विचारीन.

ईसीजी केला का? सगळ्यांत स्वस्त तपासणी आणि लोक विसरतात. या ऑपरेशननंतर उजव्या बाजूच्या विजेच्या वाटेत अडथळा जवळजवळ सगळ्यांना असतो, ‘आरबीबीबी’ लिहिलेलं वाचून घाबरू नका. बघायची असते ती क्यूआरएसची, म्हणजे ईसीजीतल्या मोठ्या टोकाची, रुंदी. कप्पा ताणत गेला की ती वाढत जाते आणि १८० मिलिसेकंदांच्या पुढे गेली तर धोकादायक अनियमित ठोक्यांची भीती वाढते, हे १९९५ पासून माहीत आहे. दर वर्षीचा ईसीजी जपून ठेवा, एकाखाली एक लावून बघता येतो.

मांडवी_फेरी | ४ सप्टेंबर, रात्री ९.१८

उशीर झाला टंकायला, ऑफिसातून आत्ता आलो. मी स्वतः टेट्रालॉजीवाला. ऑपरेशन १९९६, तेव्हा ४ वर्षांचा होतो, आता ३३. रोंबाटकाका, तुमचा ‘पोर फुगड्या घालतेय ना’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त बोलायचाय.

मला कधीच त्रास नव्हता. विचारा कुणालाही. शाळेत फुटबॉल खेळायचो, गोलकीपर. आता कळतं की मी गोलकीपरच का व्हायचो. पणजीतल्या आल्तिनोचा चढ चढताना मध्ये थांबून मी मांडवीकडे बघायचो, मित्रांना वाटायचं याला निसर्गाची भारी आवड, मलाही तसंच वाटायचं. डॉक्टरांनी विचारलं धाप लागते का, मी नाही म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं, कारण धाप न लागणं म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं, जन्मापासून तेवढंच इंजिन. मग ती मास्कवाली सायकल टेस्ट केली, माणूस जीव खाऊन पेडल मारतो तेव्हा अंग किती ऑक्सिजन वापरतं ते मोजतात, माझ्या वयाच्या माणसाच्या मानानं मी ५६ टक्क्यांवर. छप्पन! मी म्हटलं मशीन बिघडलंय. टेक्निशियन म्हणाला बाब, तुमच्या आधीच्याचं १०४ आलं.

पुढच्या वर्षी, २०२१ ला, झडप बसवली, छाती परत उघडून. मांडीतून घालतात तशी माझ्यात बसेना, वाट फार रुंद झालेली. (मांडीच्या शिरेतून ही झडप पहिल्यांदा २००० साली पॅरिसला बसवली, तेव्हा मी आठ वर्षांचा. तेव्हाच्या झडपा रुंद वाटेत बसत नसत, आता मोठ्या मापाच्याही निघाल्यात म्हणे, तुमच्या मुलीची पाळी येईपर्यंत अजून सुधारेल.) झडपेनंतर सहा महिन्यांनी आल्तिनो चढलो आणि वर पोचल्यावर लक्षात आलं की मांडवी बघायची राहिली.

म्हणून ताई, पोरीला विचारू नका त्रास होतो का. विचारायचं असेल तर मैत्रिणींना विचारा, फुगडीत आधी हात कोण सोडतं.

वाळवंटीकाठची | ४ सप्टेंबर, रात्री ११.०५

मांडवी_फेरी दादा, तुमचा प्रतिसाद ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, उठून बाहेर गेले. मग आत येऊन म्हणाले, हायस्कूलच्या शर्यतीत ही कधी नाव देत नाही ते काय त्यामुळेच? आम्ही समजायचो लाजते.

ईसीजी आहे, क्यूआरएस १५२ लिहिलंय. जुने मात्र नाहीत. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा खालच्या खोलीत पाणी शिरलं, कपाटाच्या तळाशी फाईल, सगळा लगदा झाला. ऑपरेशनचा कागदही त्यातच.

म्हापशेकर_डॉ | ५ सप्टेंबर, सकाळी ८.१०

१५२ ठीक आहे, आजच्या तारखेनं वहीत लिहून ठेवा. ऑपरेशनचा कागद मात्र मिळवाच. डिस्चार्ज कार्ड नव्हे, आत काय केलं ते लिहिलेली ऑपरेशन नोट. कडं कापलं की वाचवलं, कुठल्या रक्तवाहिनीची वाट वेगळी होती, हे पुढच्या सर्जनला सोन्यासारखं असतं, कारण कोरोनरीची एखादी फांदी नेमकी त्या वाटेवरून आडवी जात असली तर झडप बसवताना पंचाईत होते. मुंबईला मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या, ऑपरेशनची तारीख आणि मुलीचं तेव्हाचं नाव घालून (पुष्कळांची नोंद ‘बेबी ऑफ’ आईच्या नावानं असते, म्हणून सापडत नाही).

पत्रादेवी_पलीकडे | ५ सप्टेंबर, दुपारी ३.४४

मी बांद्याची, मुलगा ९ वर्षांचा, त्याचं पण हेच. आमचा एमआरआय मार्चमध्ये झाला म्हणून जरा व्यवहाराचं सांगते, कारण आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

छातीत ज्या तारा असतात हाड जोडलेल्या, त्या स्टीलच्या असतात, त्यामुळे एमआरआयला अडत नाही, फक्त आधी सांगायचं आणि फॉर्मवर लिहायचं. पेसमेकर असेल तर वेगळं. रेडिएशन नसतं. अगदी लहान मुलांना भूल देऊन करतात, सात-आठच्या पुढची बरीचशी मुलं जागेपणी करतात. वेळ लागतो, आमचं पाऊण तास म्हणाले आणि सवा तास चाललं. श्वास सोडा-थांबा-घ्या असं कानात सांगत राहतात आणि दर वेळी दहा-बारा सेकंद थांबायचं, चाळीसेक वेळा. हे जमलं नाही तर चित्र हलतं आणि आकडे बिघडतात. आम्ही महिनाभर रात्री झोपताना सराव केला, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची आणि हा गाल फुगवून पडायचा, नंतर कळलं की श्वास सोडून थांबायचं असतं, परत पंधरा दिवस उलटा सराव. शेवटी हातातून औषध देतात डागांसाठी, म्हणजे स्नायूवर जुना व्रण किती ते दिसतं, त्याआधी क्रिएटिनिन बघतात, म्हणजे मूत्रपिंडं नीट आहेत ना ते.

खर्चाचं म्हणाल तर आम्ही महाराष्ट्रातले, गोव्याचं दीनदयाळ आरोग्यविम्याचं कार्ड आम्हाला नाही, तुम्हाला असेल ना?

खडपाबांध | ५ सप्टेंबर, दुपारी ४.३०

दीनदयाळमध्ये तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख वर्षाला. पण नुसती तपासणी बसते की नाही ते ताई बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात डेस्कवर आधी विचारून घ्या, तारीख घेतल्यावर नको. आणि शाळेत जी आरबीएसकेची टीम येते ना तपासायला त्यांनाही सांगून ठेवा, जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहे, १८ वर्षांपर्यंत. आमच्याचं भोक त्यांनीच अंगणवाडीत पकडलेलं.

पेडणेकरीण | ६ सप्टेंबर, सकाळी ११.२६

वाचतेय. मी पण ऑपरेशनवाली, वय २९. १८ झाल्यावर मुलांच्या डॉक्टरांनी सोडलं आणि मोठ्यांच्या डॉक्टरांकडे गेले तर तिथे रांगेत सगळे साठ-सत्तरीचे, अँजिओप्लास्टीवाले. मला बघून एकजण म्हणाले बाय, वडलांना आणलंय? :) ह्या मधल्या वयाच्यांचं कुणी बघत नाही नीट. मी आठ वर्षं काही केलंच नाही, लग्न ठरल्यावर मग धावपळ. दिवस राहण्याआधी उजवा कप्पा तपासून घ्या असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळंतपणात रक्त वाढतं त्यामुळे. आता पाचवा महिना चालू, बाळाचा इको पोटातच केला, नीट आहे. देव बरें करूं.

जुनी_वही | ६ सप्टेंबर, रात्री १०.१०

अवांतर आहे, चालत नसेल तर सोडून द्या. हे जे पेडणेकरीण म्हणतात ना की कुणी बघत नाही, त्याचं कारण असं की ही माणसंच नवीन आहेत. फॅलो साहेबांनी १८८८ साली हे चार दोष एकत्र मांडले तेव्हा उपाय काहीच नव्हता. १९४४ ला बाल्टिमोरला हाताची रक्तवाहिनी फुफ्फुसाकडे वळवायचं पहिलं ऑपरेशन झालं, ब्लेलॉक सर्जन, हेलन टॉसिगची कल्पना आणि सगळी तयारी प्रयोगशाळेत व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णी सहायकाची, ज्याच्याकडे डॉक्टरकीची पदवीसुद्धा नव्हती. ऑपरेशनच्या वेळी तो स्टुलावर उभा राहून मागून सांगत होता. पूर्ण दुरुस्ती १९५४ ला, मिनेसोटात लिलेहाय यांनी, मुलाचं रक्त दुसऱ्या धडधाकट माणसाच्या शरीरातून फिरवून, कारण हार्ट-लंग मशीन त्यांच्याकडे नव्हतं. आणि नंतर कित्येक वर्षं डॉक्टरांना वाटायचं की ही झडपेची गळती निरुपद्रवी आहे, माणसाला पेलते. ती मुलं तिशी-चाळिशीत आली तेव्हा कळलं की पेलत नाही. आपण ज्याला तपासणी तपासणी म्हणून कंटाळतो ती त्या मुलांमुळे आली.

रोंबाट | ७ सप्टेंबर, सकाळी ६.५०

स्टुलावर उभा राहून. हे माहीत नव्हतं.

वाळवंटीकाठची | १९ नोव्हेंबर, रात्री ९.३५

मंडळी, धागा वर काढतेय. झालं एकदाचं सगळं. उशीर झाला कारण सहामाही परीक्षा, मग दिवाळी, मग मशीनची तारीख. पोरगी बाहेर आली आणि पहिलं काय म्हणाली, आई आत शिगम्याचा ढोल वाजतो. श्वासाचा सराव पत्रादेवी ताईंच्या पद्धतीनं (सोडून थांबायचा!) केलेला, टेक्निशियननं शाबासकी दिली.

डॉक्टरांची वेळ पुढच्या बुधवारी आहे, तोवर रिपोर्ट हातात आणि मी घरात येरझाऱ्या घालतेय. आकडे देते. उंची १५२, वजन ४२. उजवा कप्पा भरलेला १९० मिलिलिटर, आकसलेला ९३, ईएफ ५१. डावा भरलेला १००, आकसलेला ४२, ईएफ ५८. पीआर ४२ टक्के. व्रण फक्त पॅचच्या जागी. सायकलवर ७२ टक्के. प्रोबधारी भाऊ, उजव्याची ५१ म्हणजे वाईट का?

प्रोबधारी | १९ नोव्हेंबर, रात्री १०.२०

ताई, आधी आकडे आपसात जुळतात का ते बघू, मी नेहमी तेच आधी करतो.

उजवा कप्पा दर ठोक्याला १९० वजा ९३, म्हणजे ९७ मिलिलिटर फेकतो. त्यातलं ४२ टक्के मागारी येतं, म्हणजे साधारण ४१. खरोखर पुढे गेलं ते ५६. आता डावा बघा, १०० वजा ४२, ५८. ५६ आणि ५८. हृदयात भोक नसेल तर उजवीकडून पुढे गेलेलं आणि डावीकडून बाहेर पडलेलं सारखंच असायला हवं, आणि आहे. म्हणजे कड आखणाऱ्यानं कामचुकारपणा केला नाही आणि पॅच खरंच शाबूत आहे. एका गुणाकारात दोन्ही कळलं, मला असलं जुळलं की रात्री जेवण गोड लागतं.

आता ५१. यात एक गोम आहे. ईएफ फक्त बघते की भरलेल्यातलं किती बाहेर गेलं. परत आलं का, ते ती विचारत नाही. तुमच्या मुलीचा उजवा कप्पा ९७ फेकतो, डाव्यापेक्षा सुमारे दोन-तृतीयांशानं जास्त, आणि फुफ्फुसाला मिळतात ५६. म्हणून गळती असलेल्या कप्प्याची ईएफ चांगली दिसते तरी तो कितीतरी जास्त राबत असतो. ५१ वाईट नाही, पण त्यावर खूश होऊनही चालणार नाही, आणि पुढच्या वेळी ती ५१ ची ४४ झाली तर तो आकडा लहान समजू नका.

मापं नुसती मिलिलिटरमध्ये वाचत नाहीत, अंगाच्या मानानं वाचतात. तिचं शरीराचं क्षेत्रफळ १.३३ चौरस मीटर येतं. १९० ला भागलं तर १४३, ९३ ला भागलं तर ७०. हे दोन आकडे वहीत लाल शाईनं.

म्हापशेकर_डॉ | २० नोव्हेंबर, सकाळी ८.०५

प्रोबधारींचा हिशोब बघून मलाच माझ्या रेसिडेन्सीची लाज वाटली. पुढचं मी लिहितो. त्रास नसलेल्या माणसात झडप बसवायचा विचार साधारण कधी सुरू करतात, तर भरलेला उजवा कप्पा चौरस मीटरला १६० च्या आसपास गेला किंवा आकसलेला ८० च्या, शिवाय उजवा डाव्याच्या दुप्पट झाला, उजव्याचं काम उतरायला लागलं, व्यायामाची ताकद वर्षागणिक घसरली, ठोके अनियमित झाले. एकट्या आकड्यावर नाही, दोन-तीन गोष्टी मिळून. तुमच्याकडे १४३ आणि ७०, म्हणजे उंबऱ्याच्या अलीकडे, पण १९० ला १०० म्हणजे दुप्पटीच्या जवळ. बुधवारी डॉक्टर बहुधा थांबू म्हणतील, माझा अंदाज.

कुणाला वाटेल मग आत्ताच का नको. कारण बसवलेली झडप जन्मभराची नसते, प्राण्याच्या ऊतींपासून केलेली साधारण दहा-पंधरा वर्षं, वाढत्या वयात बसवली तर बहुतेकदा त्याहून कमी. चौदाव्या वर्षी एक, मग पंचविशीत दुसरी, मग तिसरी. आणि फार उशीर केला तर झडप बसते पण ताणलेला कप्पा मूळ मापाला परत येत नाही. यामधली जागा शोधायची म्हणूनच ही सगळी मोजामोज.

एक करा, पुढचा एमआरआय शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर. कड हातानं आखतात, माणूस बदलला की १०-१५ मिलिलिटर इकडेतिकडे होतात आणि आपण उगाच समजतो कप्पा वाढला.

वाळवंटीकाठची | २६ नोव्हेंबर, रात्री ८.४८

थांबू म्हणाले! ईसीजी आणि इको दर वर्षी, एमआरआय दीड-दोन वर्षांनी, सायकल टेस्ट पण. खेळू दे म्हणाले, उलट रोज चालू दे, फक्त वजनं उचलायची स्पर्धा वगैरे नको, आणि छातीत धडधड किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी यायचं, वाट बघायची नाही. दात काढायच्या आधी त्यांना विचारायचं, हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं (की सांगितलं होतं आणि पुरात गेलं). हे स्वतः विचारत होते डॉक्टरांना, एक चौसष्टपानी वही नेलेली, त्यात १४३, ७०, १५२, ७२ असं मटक्यासारखं लिहिलंय. मुंबईहून ऑपरेशन नोटही आली, ‘बेबी ऑफ’ खालीच सापडली, कडं कापून पॅच लावला असंच आहे, कोरोनरी नेहमीसारखी. दोन झेरॉक्स काढल्या, एक माहेरी ठेवली, तिथं नदी नाही.

रोंबाट | २७ नोव्हेंबर, सकाळी ६.३५

बरं झालं ताई. एक विचारायचं होतं. माझ्या भावाच्या नातवाचं भोक, एएसडी की काय ते, २०१९ ला मांडीतून बटण घालून बंद केलं. नंतर एकदा दाखवलं सहा महिन्यांनी, मग नाही. मीच सांगितलेलं की पोर बरं आहे, कशाला. त्याला पण हे सगळं लागतं का?

प्रोबधारी | २७ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

काका, एवढं सगळं नाही. एएसडी, म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधलं भोक, बंद झालं की उजवा कप्पा बहुतेक काही महिन्यांत आपणहून आकसतो. पण बटण जागेवर आहे का, कडेनं गळत नाही ना, कप्पा खरंच आकसला का, हे अधूनमधून इकोवर बघायचं असतं, काही वर्षांच्या अंतरानं. पोर कुठं असतं?

रोंबाट | २७ नोव्हेंबर, सकाळी ७.१४

वाळपईला. भाऊ ऐकेल का माहीत नाही, माझंच ऐकून थांबलाय. व्यनि करतो.